पांढुर्णा-सौंसर खरंच ‘राहून गेलेला’ महाराष्ट्र आहे का? ‘इरेडेंटिझम’ हा शब्द समजून घेताना

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीची बातमी सगळीकडे झळकते. जाम नदी, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे रोवलेलं पळसाचं झाड आणि दोन्हीकडून येणारे दगड. बातमीतली माणसं मराठीत बोलताना दिसतात, आडनावं मराठी असतात, आणि मग पुण्या-मुंबईकडचा एखादा वाचक हमखास विचारतो, “हे गाव मध्य प्रदेशात कसं? हा तर आपलाच भाग! परत का घेत नाही?”

प्रश्न प्रेमानं विचारलेला असतो, त्याचा राग येत नाही. पण त्यात ‘परत’ हा शब्द आहे. परत घ्यायचं म्हणजे ते आधी आपल्याकडे होतं आणि नंतर कुणीतरी नेलं, असं त्यात धरलेलं असतं. हरवलेल्या मुलखावर असा हक्क सांगण्याला जगाच्या राजकारणात एक नाव आहे: इरेडेंटिझम. युक्रेनच्या बातम्यांमुळे गेल्या काही वर्षांत हा शब्द मराठी चर्चांमध्येही ऐकू येतो. तो कुठून आला, त्याची माप कोणती, आणि ती माप पांढुर्णा-सौंसरला लावली तर काय दिसतं, ते आज पाहू.

शब्द आला कुठून?

शब्द इटलीचा आहे. १८६१ मध्ये इटलीचं राज्य एकत्र झालं, १८७० मध्ये रोमही त्यात आलं. तरीही त्रेंतो आणि त्रिएस्ते हे इटालियन बोलणाऱ्यांचे भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात राहिले. या भागांना इटलीतले राष्ट्रवादी ‘इतालिया इर्रेदेंता’ म्हणू लागले. १८७७ च्या सुमारास त्यासाठी संघटनाही उभी राहिली. त्या चळवळीवरून ‘इरेडेंटिझम’ हे नाव पडलं.

‘इर्रेदेंता’ म्हणजे ‘न सोडवलेली’. आपण गहाण टाकलेला दागिना सोडवून आणतो ना, त्यातलं हे सोडवणं. दागिना सावकाराच्या तिजोरीत असला तरी मालकी आपलीच, फक्त अजून सोडवला नाही, असा तो भाव. म्हणून मराठीत सांगायचं तर ‘न सोडवलेला मुलूख’.

उपमा मनाला पटकन पटते, आणि घोळ तिथंच सुरू होतो. दागिन्याला कुणी विचारत नाही, तुला कोणत्या कपाटात राहायचंय. मुलखात माणसं राहतात. त्यांना विचारावं लागतं.

दावा ओळखायचा कसा?

अशा दाव्यांत साधारण तीन गोष्टी सापडतात. पहिली, सीमेपलीकडे आपल्या भाषेची किंवा वंशाची माणसं आहेत. दुसरी, तो भाग पूर्वी आपला होता असा इतिहास सांगितला जातो. तिसरी, सीमेअलीकडचं सरकार किंवा मोठी चळवळ तो भाग उघडपणे मागते. पहिल्या दोन गोष्टी असूनही तिसरी नसेल, तर त्याला आपुलकी म्हणता येईल, आठवण म्हणता येईल. इरेडेंटिझम म्हणता येत नाही.

शब्दाच्या काटेकोर अर्थात हा दावा दोन स्वतंत्र देशांमधला असतो. ग्रीसनं एकोणिसाव्या शतकात जुन्या बायझंटाईन साम्राज्याचा मुलूख मिळवण्याचं स्वप्न पाहिलं, ते १९२२ मध्ये तुर्कस्तानातल्या पराभवात संपलं आणि लाखो लोक घरदार सोडून निर्वासित झाले. सोमालियाच्या झेंड्यावरच्या ताऱ्याला पाच टोकं आहेत, ती सोमाली लोक राहतात अशा पाच भूभागांची; त्यातल्या इथिओपियाकडच्या ओगाडेनसाठी १९७७-७८ मध्ये युद्ध झालं आणि सोमालिया हरला. रशियानं २०१४ मध्ये क्रिमिया घेतला तेव्हाही भाषा आणि इतिहास हीच दोन कारणं पुढे केली होती.

भारतातल्या दोन राज्यांमधली सीमा ही तशी नाही. पांढुर्ण्याहून नरखेडला जायला पासपोर्ट लागत नाही. राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे संसद साध्या कायद्यानं राज्यांच्या सीमा बदलू शकते. म्हणजे आपल्याकडे हा दावा रणांगणावर जात नाही, तो संसदेत किंवा न्यायालयात जातो. तरी दाव्याची भाषा मात्र तिकडून इकडं येते. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री कार्यालयानं बेळगाव भागासाठी ‘कर्नाटकव्याप्त’ हा शब्द वापरला आणि त्यावरून वादळ उठलं. ‘व्याप्त’ म्हटलं की ‘पाकव्याप्त’ आठवतं. एका शब्दानं शेजारचं राज्य शत्रूच्या जागी जाऊन बसतं.

पांढुर्णा गेलं, की नागपूर गेलं?

आता आपल्या भागाकडं येऊ. ‘पांढुर्णा महाराष्ट्रातून गेलं’ असं म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात.

सातपुड्याच्या पठारावर छिंदवाडा, आणि घाट उतरला की सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा. इंग्रजांच्या गॅझेटिअरांत या खालच्या पट्ट्याला ‘झेरघाट’, म्हणजे घाटाखालचा भाग, असं नाव आहे. जमीन, पीक, बोली, सगळं नागपूरच्या मैदानाशी जुळणारं. पण कारभारासाठी सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यातच होती, इंग्रजांच्या काळापासून. त्या तहसिलीतच तेव्हा पांढुर्णा होतं.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले, वारस नाही म्हणून १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये ‘मध्य प्रांत’ तयार झाला, राजधानी नागपूर. पुढे वऱ्हाड जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर त्याच प्रांताचं नाव ‘मध्य प्रदेश’ झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. त्या मध्य प्रदेशात आठ मराठी जिल्हे होते: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा. छिंदवाडा महाकोशलात, म्हणजे हिंदी जिल्ह्यांत धरलेला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला गेलं. महाराष्ट्र राज्य जन्मलं ते त्यानंतर, १ मे १९६० ला.

म्हणजे हिशेब असा. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात होतं आणि मध्य प्रदेशातच राहिलं. ते महाराष्ट्रात कधी नव्हतंच, मग जाणार कुठून? गेलं ते नागपूर. सौंसरच्या माणसासाठी सत्तरेक किलोमीटरवरची राजधानी एका रात्रीत परराज्यातलं शहर झाली. बाजार तोच, दवाखाना तोच, मामाचं गाव तेच. फक्त कचेरी दूर गेली. आपल्या इकडच्या दुखण्याचं मूळ हे आहे. ‘हरवलेली जमीन’ म्हटलं की ते दिसत नाही.

जिल्हा मोजायचा की गाव?

मग मराठी बोलणारी तहसील तिकडं कशी राहिली? कुणी कट केला म्हणून नाही. मोजमापाचं माप मोठं होतं म्हणून.

फजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगानं सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. आयोगानं साधारणपणे जिल्हा हे एकक धरलं आणि गावागावाच्या मोजणीत शिरायचं टाळलं. छिंदवाडा जिल्हा पूर्ण मोजला तर वरचं पठार हिंदी आणि गोंडी बोलणारं. त्यात १९३१ पासून सिवनीही छिंदवाड्यातच जोडलेलं होतं, ते १९५६ मध्ये वेगळं झालं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात घाटाखालची मराठी विरघळून जाणारच. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत सौंसर, मुलताई, भैंसदेही, बऱ्हाणपूर अशा तहसिलींची नावं येत होती, पण जिल्ह्याच्या मापात ती बसली नाहीत.

हे माप दगडावरची रेघ नव्हतं. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका वेगळा काढून महाराष्ट्राकडे दिला गेलाच. पुढे आंध्र आणि मद्रासच्या सीमेसाठी पाटसकरांनी गाव हे एकक धरलं, त्यावरून १९५९ मध्ये कायदा झाला. महाराष्ट्र बेळगावसाठी आजही हेच मागतो: गाव हा घटक, सलग भूभाग, भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा. माप बदललं की नकाशा बदलतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आणखी एक. तेव्हा मराठी माणसाचं तरी एकमत कुठं होतं? आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली होती. मध्य प्रांताच्या विधिमंडळानं १९३८ मध्येच वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता. ज्या नागपूरकडं सौंसर बघत होतं, त्या नागपूरचंच ठरत नव्हतं की मुंबईसोबत जायचं की एकटं राहायचं. सौंसरसाठी भांडायला मोकळं कोण होतं?

इतिहासाचं कोणतं पान?

भोसल्यांच्या काळाचं पान उघडलं तर हा भाग नागपूरचा. त्याच्या आधीचं पान उघडा. छिंदवाड्याजवळचा देवगड किल्ला गोंड राजांचा. नागपूर शहराचा पाया ज्या बख्त बुलंद शहानं घातला, तो देवगडचाच गोंड राजा. म्हणजे त्या पानावर सौंसर नागपूरचं नाही, नागपूरच देवगडचं आहे! पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ आज अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, गोंड समाज इथं मोठा आहे, आणि गोंडवाना राज्याची मागणीही जुनीच आहे.

पूर्वी आपलं होतं या मुद्द्याची अडचण ही असते. प्रत्येक जण आपल्या सोयीच्या पानाशी पुस्तक उघडतो आणि तिथंच बोट ठेवून बसतो.

बेळगावात लढा, इकडं शांतता. का?

बेळगावला १९५६ च्या जानेवारीत गोळीबार झाला, १७ जानेवारीला आजही हुतात्मा दिन पाळतात. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. ८६५ गावांचा हा दावा. पांढुर्णा-सौंसरसाठी असा दावा महाराष्ट्रानं न्यायालयात नेलेला नाही, आणि इकडं एकीकरण समितीसारखा पक्षही उभा राहिला नाही. तीन मापांपैकी तिसरं माप इथं रिकामंच आहे. म्हणून पांढुर्णा-सौंसरला ‘इरेडेंटा’ म्हणता येत नाही.

याचं एक कारण रोज डोळ्यासमोर असूनही दिसत नाही. ते म्हणजे लिपी. बेळगावात पाटी कन्नड की मराठी, हे लांबून कळतं, म्हणून भांडण पाटीवर होतं. आपल्याकडं हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत. ‘पांढुर्णा’ ही पाटी कुठल्या भाषेतली, सांगा बरं! पाटीवर भांडायला काहीच नाही.

पण जरा जवळ जाऊन वाचा. आपला ‘पोळा’ हिंदी फलकावर ‘पोला’ होतो. ‘जामसावळी’ची ‘जामसांवली’ होते. शाळेच्या दाखल्यावर ‘काळे’चे ‘काले’ होतात, आणि पुढं आधार, मार्कशीट, जमिनीचा कागद, सगळीकडं तेच उतरत जातं. घरी आजी ‘ळ’ म्हणते, कागद ‘ल’ म्हणतो. पंचांगातही तसंच. पोळ्याची अमावस्या आपल्या कालनिर्णयात श्रावणाची, हिंदी पंचांगात भाद्रपदाची. बैल तेच, दिवस तोच, महिना दुसरा. कुणी बंदी घातली नाही, कुणी लाठी चालवली नाही. म्हणूनच काय गेलं ते कळत नाही.

लोकांना मराठीपणाची चाड नाही, असं मात्र समजू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये सौंसरला शिवाजी महाराजांचा पुतळा हटवला गेला तेव्हा शहर रस्त्यावर उतरलं होतं. पण मागणी पुतळ्याच्या सन्मानाची होती. राज्य बदला, असं कुणाचं म्हणणं नव्हतं. चौकात कुणालाही विचारा, उत्तर साधारण असंच येतं: “आमी मराठीच हाओत बाप्पा, पण कागद हिंदीत हाय. चालते!” या ‘चालते’मध्ये समंजसपणा आहे, आणि थोडी हारही आहे.

ज्यावर दावा, त्याला सवलत

इथं एक अवघड गोष्ट सांगायला हवी. दावा केल्यानं काहीच मिळत नाही, असं नाही.

महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ त्या ८६५ गावांना द्यायचं महाराष्ट्रानं ठरवलं. पांढुर्ण्याच्या पोराचं काय? त्याची मातृभाषा मराठी, नागपूर शंभरेक किलोमीटरवर, पण दहावी-बारावी मध्य प्रदेश बोर्डाची. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात तो परका. कारण त्याच्या गावावर महाराष्ट्राचा दावा नाही, म्हणून तो ‘सीमाभागातला’ ठरत नाही. मराठी तो तेवढाच आहे, पण यादीत नाही.

लेकीबाळींचंही तेच. आपल्या सोयरिकी वरूड, काटोल, नरखेड, सावनेरपर्यंत. लग्न होऊन मुलगी सीमेपलीकडं गेली की माहेरच्या राज्यातलं जातप्रमाणपत्र सासरच्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९० पासून हे स्पष्ट केलेलं आहे. ज्या घरात दोन राज्यांच्या सुना आहेत, त्या घराला हे सांगायला नको.

मग दावा करावा का? सीमेवरच्या गावांनी या हत्याराचा वापर केलेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या काही गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याची भाषा केली, ती पाण्यासाठी. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तोच धागा धरून जतवर हक्क सांगितला. जिथं आपण दावा करतो, तिथं आपल्यावरही दावा होतो. गावकऱ्यांना हवं असतं पाणी, रस्ता, मास्तर, डॉक्टर. राज्य बदलण्याची धमकी दिली की सरकार जागं होतं, एवढं त्यांना कळलेलं असतं. पण दावा एकदा पेटला की पाण्याची गोष्ट मागं पडते आणि झेंड्याची पुढं येते. बेळगावच्या तीन पिढ्या निकालाची वाट बघत आहेत.

इटलीचं पुढं काय झालं?

शब्द जिथून आला, तिथलीच गोष्ट पुरी करू. पहिल्या महायुद्धानंतर इटलीला त्रेंतो आणि त्रिएस्ते मिळाले. ‘सोडवून’ झालं. पण सोबत दक्षिण तिरोल हा भागही मिळाला, आणि तिथले लोक जर्मन बोलणारे होते. म्हणजे इटलीनं आपली माणसं सोडवताना दुसऱ्याची माणसं अडकवली. मुसोलिनीच्या काळात तिथल्या जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं इटालियन केली गेली. लोकांनी मुलांना तळघरांत, माळ्यांवर चोरून जर्मन शिकवलं.

दुसऱ्या महायुद्धानंतरही सीमा तिथंच राहिली. बदललं ते आतलं. १९४६ मध्ये इटली आणि ऑस्ट्रियात करार झाला, १९७२ मध्ये भक्कम स्वायत्तता मिळाली. मातृभाषेतल्या शाळा, दोन भाषांत सरकारी कागद, आणि जनगणनेत लोक आपली भाषा जी सांगतील त्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या. १९९२ मध्ये ऑस्ट्रियानं संयुक्त राष्ट्रांपुढे हा वाद मिटल्याचं सांगितलं. मुलूख इकडचा तिकडं झाला नाही. शाळा, कागद आणि जनगणना या तीन गोष्टी नीट झाल्या.

आता माप बदललंय

आपल्याकडं त्यातलं काय होऊ शकतं? इथं मघाची मापाची गोष्ट परत आठवा.

२४ ऑगस्ट २०२३ ला जामसावळीच्या हनुमान मंदिरात त्यावेळच्या मुख्यमंत्र्यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन जिल्हा अस्तित्वात आला. त्यात पांढुर्णा आणि सौंसर, म्हणजे घाटाखालचाच भाग. आपण याकडं कलेक्टर कचेरी जवळ आली एवढ्याच नजरेनं बघितलं. खरं तर याहून मोठं काहीतरी घडलंय. १९५५ मध्ये ज्या एककामुळं मराठी हिशेबात विरघळली, ते एकक आता बदललंय. येणारी जनगणना ही पांढुर्णा जिल्ह्याची स्वतंत्र जिल्हा म्हणून पहिली जनगणना. या जिल्ह्यात मराठी किती, याचा आकडा पहिल्यांदा वेगळा लिहिला जाईल.

त्या आकड्याला कायद्यात किंमत आहे. राज्यघटनेच्या कलम ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी सोयी करणं राज्याचं काम आहे. १९४९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेलं सूत्र असं: शाळेत त्या भाषेची ४० मुलं किंवा वर्गात १० मुलं असतील, तर त्या भाषेचा किमान एक शिक्षक द्यावा. १९५६ मध्ये केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी हमी दिली, तिच्यात असंही आहे की एखाद्या भागात १५ ते २० टक्के लोक त्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, आणि ३० टक्क्यांच्या पुढं असतील तर तो भाग द्विभाषक मानावा. कलम ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे, त्याच्याकडं तक्रार करता येते. भोपाळला मराठी साहित्य अकादमीही आहे.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांच्या वर होते. इंदूर, ग्वाल्हेर, बऱ्हाणपूर, बैतूल, बालाघाट, सगळे धरून. आपल्यापैकी किती जण त्यात आले असतील, कोण जाणे. प्रगणक दारात येतो, हिंदीत विचारतो, आपण हिंदीत उत्तर देतो, आणि तो भाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ लिहून मोकळा होतो. आपणही “लिहून घ्या साहेब” म्हणतो. लक्षात असू द्या, नियमानं प्रगणकानं तुम्ही सांगाल तीच मातृभाषा लिहायची असते. घरात पोवारी बोलत असाल तर पोवारी सांगा, तो तुमचा हक्क आहे. जनगणनेच्या वर्गवारीत ती हिंदीच्या गटात धरली जाते, एवढं फक्त माहीत असू द्या. गोंडी असेल तर गोंडी. आणि मराठी असेल तर मराठीच. वऱ्हाडी ढंगाची, ‘मले-तुले’वाली असली तरी ती मराठीच आहे. “आमची काई शुद्ध नाई” म्हणून हिंदी लिहून देऊ नका.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर. पांढुर्णा-सौंसर हा हरवलेला महाराष्ट्र नाही. इथली माणसं आपल्याच गावात, आपल्याच राज्यात राहतात, आणि त्यांना कुणी ‘सोडवायला’ यावं अशी त्यांची हाक नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला एवढंच सांगणं: जमीन परत मागण्यापेक्षा आमच्या पोरांना तुमच्या कॉलेजात मराठी म्हणून ओळखा, ते जास्त कामाचं. आणि आपल्या इकडच्या वाचकाला: जनगणनेवाला येईल तेव्हा दारातून घाईनं परत पाठवू नका. बसवा, पाणी द्या, आणि भाषेचा रकाना त्यानं काय भरला ते एकदा वाचून बघा. नावातला ‘ळ’ही तपासा.